अमेरिकेत लष्करासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपनीने एसबीआयआर निधी घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे: अमेरिकेत आपली नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, सेन्सरच्या नोंदींवरून वाहनातील बिघाडाचा आगाऊ अंदाज बांधणारी प्रणाली आपण तयार केली आहे आणि ती लष्कराच्या उपयोगाची आहे असे आपल्याला वाटते. तर त्यासाठी एसबीआयआर, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीचा सरकारी संशोधन निधी, मिळवण्याच्या मागे लागावे का, आणि तो मिळाल्यास कंपनीवरचा व सॉफ्टवेअरवरचा आपला ताबा सुटतो का? मी अशाच एका छोट्या कंपनीत बारा वर्षे काम केले. त्यातील निम्मा काळ प्रस्ताव लिहिण्यात आणि उरलेला, मंजूर झालेले करार निभावण्यात गेला. माझे मत असे की हा निधी जरूर घ्यावा, पण केवळ पैशासाठी घेऊ नये.

ताब्याच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही, पैसे परत मागत नाही आणि सॉफ्टवेअरची मालकीही घेत नाही. मात्र मालकी आपल्याकडे राहणे आणि ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती न जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याविषयी पुढे लिहितो, कारण आमची कंपनी नेमकी तिथेच फसली होती.

या योजनेचा कायदा 1982 चा. बाहेरच्या संस्थांकडून करवून घ्यायच्या संशोधनावर वर्षाला 10 कोटी डॉलरपेक्षा अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असे हा कायदा सांगतो. हा हिस्सा आरंभी अगदी अल्प होता. 2017 च्या आर्थिक वर्षापासून तो 3.2 टक्के झाला. अशी अकरा खाती आहेत आणि त्यांत संरक्षण खात्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. कंपनी पात्र ठरण्यासाठी तिच्यात 500 पेक्षा अधिक कर्मचारी नसावेत, सर्वसाधारणपणे अर्ध्याहून अधिक मालकी अमेरिकी नागरिकांची किंवा कायम रहिवाशांची असावी आणि प्रकल्पाचा मुख्य संशोधक प्रामुख्याने त्याच कंपनीच्या नोकरीत असावा. विद्यापीठाबरोबर काम करायचे असेल तर एसटीटीआर नावाची जोडयोजना आहे. आपल्या वर्णनावरून तिची आपल्याला गरज दिसत नाही.

काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात साधारण सहा महिन्यांत कल्पना व्यवहार्य आहे की नाही हे दाखवायचे असते, आणि त्यासाठी मिळणारी रक्कम दोन अभियंत्यांचा पगार कसाबसा निघेल इतकीच असते. दुसऱ्या टप्प्यात सुमारे दोन वर्षांत चालता नमुना तयार करायचा असतो. त्याची रक्कम बहुधा दहा ते वीस लाख डॉलरच्या आसपास असते, आणि कंपनीचे हिशेब सरकारी तपासणीत टिकतील असे ठेवणे तिथपासून अनिवार्य होते. तिसऱ्या टप्प्यासाठी या योजनेतून एक पैसाही मिळत नाही. नवखे अर्जदार त्यामुळे तो टप्पा वाचून सोडून देतात, आणि माझ्या मते सारी मेख तिथेच आहे.

पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातील कामातून निघालेले, ते पुढे नेणारे किंवा पूर्ण करणारे कोणतेही काम तिसऱ्या टप्प्यातले मानले जाते. असे काम कोणतेही केंद्रीय खाते, नव्याने स्पर्धा न घेता, थेट आपल्याच कंपनीला देऊ शकते. इतकेच नव्हे तर शक्य तेथवर ते मूळ कंपनीलाच द्यावे असे कायदा सांगतो. त्याला रकमेची मर्यादा नाही, मुदतीची नाही, आणि तोवर कंपनी मोठी झाली असली तरी हरकत नाही. सरकारी खरेदीत निविदा काढणे, हरकती ऐकणे आणि निवड करणे यांत किती काळ जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या सवलतीचे मोल सांगावे लागत नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांच्या सोनारसाठी, म्हणजे पाण्यातील ध्वनीवरून वेध घेणाऱ्या प्रणालीसाठी, खास घडवलेली यंत्रे सोडून बाजारात मिळणारे संगणक आणि ठरावीक काळाने नवी आवृत्ती येणारे सॉफ्टवेअर अशी पद्धत स्वीकारली, तेव्हा तिच्या मुळाशी एका छोट्या कंपनीने याच योजनेतून केलेले काम होते.

आता सॉफ्टवेअरच्या हक्कांविषयी. निधीतून तयार झालेले सॉफ्टवेअर सरकार स्वतःच्या कामासाठी वापरू शकते, परंतु संरक्षित काळात ते आपल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन त्याच्याकडून पुढचे काम करवून घेऊ शकत नाही. 2019 च्या धोरण निर्देशानुसार हा काळ करार मिळाल्यापासून किमान 20 वर्षांचा आहे. परंतु हे संरक्षण आपोआप मिळत नाही; सुपूर्द केलेल्या प्रत्येक फाइलवर, अहवालावर आणि सोर्स कोडवर विहित शब्दांतील शिक्का, म्हणजे आपले हक्क राखून ठेवल्याचा मजकूर, असावा लागतो. आमच्या कंपनीने दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस घाईघाईत एक आवृत्ती पाठवली, तिच्या अर्ध्या फाइलींवर तो मजकूर नव्हता, आणि वर्षभराने आमचाच कोड दुसऱ्या कंत्राटदाराच्या प्रणालीत नांदताना आम्हाला दिसला. राहून गेलेला शिक्का नंतर लावू देण्याची विनंती सहा महिन्यांच्या आत करता येते, हे आम्हाला सातव्या महिन्यानंतर कळले. यात कोणाची लबाडी नव्हती. शिक्का नसलेली वस्तू मोकळी समजायची असाच नियम आहे. आपली मूळ प्रणाली आपण स्वतःच्या खर्चाने आधीच तयार केलेली असल्यामुळे, कोणता भाग खासगी पैशातून झाला आणि कोणता निधीतून होणार याची यादी प्रस्तावातच जोडा. माझ्या मते तांत्रिक प्रकरणाइतकेच कष्ट या यादीवर घ्यावेत.

निवड तीन कसोट्यांवर होते: तांत्रिक गुणवत्ता, काम करणाऱ्यांची पात्रता आणि पुढे ती वस्तू विकली जाण्याची शक्यता. अभियंते पहिलीवर पानेच्या पाने लिहितात आणि तिसरी दोन परिच्छेदांत उरकतात. वास्तविक लष्करात सॉफ्टवेअर अडते ते तिथेच. दुसरा टप्पा संपतो तेव्हा सैनिक खूश असतात, प्रात्यक्षिक उत्तम झालेले असते, आणि खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडे पैसे नसतात, कारण तिथले अंदाजपत्रक सुमारे दोन वर्षे आधी आखले जाते. शिवाय तिथे पैशालाही रंग असतो, असे त्या व्यवहारातील लोक म्हणतात: संशोधनाचा पैसा वेगळा, खरेदीचा वेगळा, देखभालीचा वेगळा, आणि एकाचा दुसऱ्यासाठी वापर करता येत नाही. सॉफ्टवेअरचे संशोधन, खरेदी आणि देखभाल मात्र एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे ते यातील कोणत्या रकान्यात बसते यावर महिनोन्महिने खल चालतो. त्यात भर म्हणून लष्करी नेटवर्कवर ते चालवण्याची अधिकृत परवानगी हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि गोपनीय नसली तरी नियंत्रित असलेली माहिती हाताळण्यासाठी पाळाव्या लागणाऱ्या 110 सुरक्षा-अटी नऊ जणांच्या कंपनीला चांगल्याच जड जातात. हा खर्च पहिल्या दिवसापासून धरून चला.

2018 पासून हवाई दलाने ‘खुले विषय’ सुरू केले. त्यांत खाते समस्या सांगत नाही, कंपनीनेच आपली वस्तू घेऊन यायचे असते. आरंभी पहिला टप्पा 50,000 डॉलरचा आणि तीन महिन्यांचा होता, आणि त्या काळात प्रत्यक्ष वापरणारी लष्करी तुकडी शोधून तिचे सहीचे पत्र मिळवणे हेच मुख्य काम होते. बाजारात आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरला ही वाट सोयीची आहे. पण सही देणारा अधिकारी आणि पैसे देणारा अधिकारी बहुतेकदा वेगळे असतात, हे विसरू नये. शिवाय काही कंपन्या एकामागून एक पहिले-दुसरे टप्पे मिळवत त्यावरच वर्षानुवर्षे जगतात. त्यांना तिथे कुत्सितपणे ‘गिरण्या’ म्हणतात. तशी सवय लागणे फार सोपे असते. आम्हालाही तीन वर्षे ती लागली होती.

ही योजना कायमची नाही, तिची मुदत संसदेला वेळोवेळी वाढवावी लागते. 2022 मध्ये ती अगदी शेवटच्या दिवशी वाढवली गेली, आणि 30 सप्टेंबर 2025 रोजी मात्र तशी वाढ न मिळता संपली. मुदतीबाहेरच्या काळात नव्या निवडी थांबतात. म्हणून पगाराची सोय या निधीच्या भरवशावर ठेवू नका, आणि अर्ज करण्यापूर्वी त्या घडीला योजना चालू आहे याची खात्री करून घ्या. पुरवठादार म्हणून सरकारी नोंदणी मात्र आजच करून ठेवा. ती विनामूल्य आहे, पण कागदपत्रांतील नाव एका अक्षराने जुळले नाही तरी आठवडे जातात.

विषयांची यादी जाहीर झाल्यावर अर्ज स्वीकारणे सुरू होण्यापूर्वी काही आठवडे असे असतात की तो विषय लिहिणाऱ्या तज्ज्ञाशी थेट बोलता येते. नंतर ती वाट बंद होते आणि प्रश्न लेखी विचारावे लागतात. त्या काळात दूरध्वनी करा, पण आपल्या प्रणालीचे वर्णन करण्यात वेळ घालवू नका. हे काम यशस्वी झाले तर ते कोणते कार्यालय, कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून विकत घेईल, एवढेच विचारा. समोरच्याने कार्यालयाचे नाव घेतले तर प्रस्ताव लिहायला बसा. तो घुटमळला तर तो विषय सोडून पुढचा पाहा.