अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतलं टेलिस्कोप पीक हे शिखर चढायच्या आदल्या रात्री महोगनी फ्लॅटला तंबू टाकला तर तिथे पाणी मिळेल का?

नाही, थेंबभरही मिळणार नाही. रात्र आणि दुसऱ्या दिवसाची चाल धरून माणशी किमान ८ लिटर खालूनच भरून न्या. डेथ व्हॅलीच्या या तळावर शौचालय, टेबलं आणि शेकोटीच्या जागा एवढंच आहे. पुढे वाटेवरही भरवशाचा झरा नाही आणि जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटर चालायचंय, शिखर ३,३६८ मीटरवर. तळच जवळजवळ अडीच हजार मीटरवर असल्याने खोऱ्यातल्या उकाड्यावरून कपडे ठरवू नका, रात्री चांगलीच थंडी पडते. तळाकडे येताना लागणाऱ्या, कोळसा बनवायच्या जुन्या भट्ट्यांपुढचा रस्ता खडकाळ आणि चढा. साधी गाडी असेल तर भट्ट्यांपाशीच लावा. मात्र हे सगळं बर्फ नसतानाचं. हिवाळ्यात वरच्या टप्प्यात क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फावरची कुऱ्हाड) लागू शकतात. ते वापरायची सवय नसेल तर तेव्हा जाऊच नका.