मेंटलच्या चुऱ्याचं कपाट: अल्फा आहे का, कसं कळेल?

आजोबा लग्नाच्या वरातीला पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने द्यायचे, त्या बत्त्यांच्या कपाटात जुन्या मेंटलचा (बत्तीत पेटून उजेड देणाऱ्या जाळीचा) पांढरा चुरा सांडलाय, आणि तुमचा स्वस्तातला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, जेमतेम टिकटिकतो. मग अल्फा, म्हणजे किरणोत्सारी अणू फुटताना बाहेर पडणारे जड कण, आहेत की नाही, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, त्या काउंटरच्या काचेच्या नळीत अल्फा शिरतच नाही. साध्या कागदानेही तो अडतो. जुन्या मेंटलमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असायचा, म्हणून शंका रास्त आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. आम्ही सीआर-३९ प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे वापरायचो. ना बॅटरी, ना वायर. तुकडा पृष्ठभागाला पालथा टेकवायचा आणि महिनाभर विसरायचा. अल्फा कण आत घुसला की प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात. मग कॉस्टिक सोड्याच्या ७० अंशांच्या द्रावणात पाच-सहा तास ठेवलं की तुटलेली जागा जास्त खाल्ली जाते, आणि मायक्रोस्कोपखाली बारीक गोल खळगे दिसतात. कण तिरपा आला असेल तर लांबट.

समजा, एका चौरस सेंटिमीटरवर दर १०० सेकंदांत एकच अणू फुटतो. अल्फा पकडणारा काउंटर असता तरी एवढं क्षीण सहज हाती लागलं नसतं. पण ३० दिवसांत ते २५,९२० होतात, आणि त्यातले निम्मे तुकड्याच्या दिशेने निघतात. त्यातले काही फार तिरपे असल्याने उमटत नाहीत, तरी मोजायला भरपूर उरतात.

आमचा पहिला महिना फुकट गेला. तुकड्यावरची संरक्षक फिल्म काढायलाच पोरं विसरली होती! दुसऱ्यांदा द्रावण तापत असताना लोडशेडिंग झालं, तापमान घसरलं आणि खळगे इतके बारीक राहिले की धुळीचे कण कुठले नि खळगे कुठले, हे कळेना.

एक तुकडा त्याच खोलीत स्वच्छ काचेवरही पालथा ठेवा. मातीच्या भिंतीतून रेडॉन हा अल्फा सोडणारा वायू निघतोच, त्याचे खळगे वजा करायला लागतात. कपाटावर रॉकेलचा चिकट थर असेल तर खालचा अल्फा त्यातच मुरतो. तिथे शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

कॉस्टिकचं काम घरी नको, जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करा. आणि तोवर कपाट खराट्याने झाडू नका. तो चुरा कातडीवर पडला तर धुता येतो, नाकातून आत गेला तर नाही.