चक्र की मॅगझीन? परवान्याच्या हातशस्त्राविषयी वाचकांचे प्रश्न

सैन्यात आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून 22 वर्षे काढून मी साताऱ्यात स्थायिक झालो. परवानाधारकांना शस्त्र हाताळण्याचे शिक्षण देऊ लागल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत रिव्हॉल्व्हर (काडतुसे फिरत्या चक्राच्या घरांत बसतात ते) आणि पिस्तूल (काडतुसे मुठीतल्या काढता येणाऱ्या पेटीत, म्हणजे मॅगझीनमध्ये, बसतात ते) यांच्या निवडीचा प्रश्न हमखास असतो. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा सोने-चांदी गलाईचा (वितळवून शुद्ध करण्याचा) व्यवसाय आहे आणि परप्रांतातून विट्याला ये-जा करताना जोखीम जवळ असते. शस्त्र परवाना मंजूर झाला आहे. पिस्तूल आधुनिक असून रिव्हॉल्व्हर आता जुने झाले, असे विक्रेता सांगतो. काय घ्यावे? (एक गलाई व्यावसायिक, विटा)

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करतो. सामान्य नागरिकाला सहसा मिळणारी दोन्ही शस्त्रे 'बत्तीस बोअर'ची (नळीचे माप साधारण 0.32 इंच) असल्याने पिस्तूल अधिक ताकदीचे असते, असे मानण्याचे कारण नाही. पिस्तुलाची गोळी हलकी व वेगवान आणि रिव्हॉल्व्हरची जड व काहीशी संथ असते, त्यामुळे परिणामात मोठा फरक पडत नाही. काडतुसे मात्र पूर्णपणे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कड असते आणि ते पिस्तुलाच्या मॅगझीनसाठी बनलेलेच नसते, म्हणून खरेदीच्या वेळी नुसते 'बत्तीसची द्या' असे म्हणू नये.

खरा फरक यंत्रणेत आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा (काडतुसाच्या बुडावर आघात घडवणारा भाग) मागे जातो आणि सुटतो. हे सारे आपल्या बोटाच्या जोरावर घडते. पिस्तुलात पहिला बार उडाला की त्याच्याच धक्क्याने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढे येताना स्लाइड मॅगझीनमधील दुसरे काडतूस नळीत ढकलते. म्हणजे पिस्तुलाचा प्रत्येक बार आधीच्या बारावर अवलंबून असतो. काडतूस कमजोर असेल, मॅगझीनची स्प्रिंग थकली असेल किंवा मनगट सैल पडल्यामुळे स्लाइडला पुरेसा आधार मिळाला नसेल, तर पुंगळी अर्धवट अडकते आणि शस्त्र तिथेच थांबते.

आता आपला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पहाटे बसमधून उतरल्यावर आपल्या डाव्या हातात जोखमीची पिशवी असणार. अशा वेळी काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरधारकाने चाप पुन्हा ओढायचा, की चक्र फिरून पुढचे घर समोर येते. पिस्तुलधारकाला मात्र मॅगझीनचा तळ तळहाताने ठोकून, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडावी लागते आणि त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत. नियमित सराव असलेला माणूस हे दोन सेकंदांत करतो, परंतु सराव नसलेला माणूस पिस्तुलाकडे पाहत उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पिस्तुलाची बाजूही सांगितली पाहिजे. ते चपटे असल्यामुळे सदऱ्याखाली दिसून येत नाही, तर रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा फुगवटा लपत नाही. पिस्तुलाचा चाप बहुधा हलका असल्याने नेम अधिक चांगला लागतो आणि भरलेले दुसरे मॅगझीन बसवणे हे सहा घरे एकेक करून भरण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. शिवाय रिव्हॉल्व्हर क्वचित अडते, पण अडले की पुरते अडते. काडतुसाची टोपी (बुडाशी असलेला, दारू पेटवणारा भाग) किंचित वर आलेली असली किंवा पुंगळ्या काढणाऱ्या चांदणीखाली कचरा साचला असला, तर चक्र जाम होते आणि ते रस्त्यावर सुटत नाही.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. वर्षाकाठी 50 काडतुसेसुद्धा सरावात उडवणे होणार नसेल, तर रिव्हॉल्व्हर घ्यावे. विक्रेत्याचा 'आधुनिक' हा शब्द मनावर घेऊ नये, कारण ज्या काडतुसावर आपले पिस्तूल चालेल त्याची रचनाही 1899 सालची आहे. आणि एक विसरू नका : परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावर लिहिलेले असते. तो केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर शस्त्र घेऊन राज्याची हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरेल.

प्रश्न : मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत 9 मिमी पिस्तूल वापरले. तेच 'ऑटोमॅटिक' मला स्वसंरक्षणासाठी मिळेल काय? (एक माजी सैनिक, कोरेगाव तालुका)

उत्तर : सुभेदारसाहेब, 9 मिमी हा आपल्या देशात निषिद्ध बोअर आहे आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर तो घेता येत नाही. 'ऑटोमॅटिक' हा शब्दही अर्जात लिहू नये. चाप दाबून धरला असता सलग गोळ्या सोडणारे शस्त्र ते स्वयंचलित; आपण वापरले ते एका दाबाला एकच गोळी सोडणारे, म्हणजे अर्धस्वयंचलित होते.

आपल्या हाताला स्लाइडची सवय आहे, म्हणून मी आपल्याला बत्तीस बोअरचे पिस्तूलच सुचवीन. मात्र जुनी सवयच घात करू शकते, कारण सेफ्टीचा खटका काही शस्त्रांत वर तर काहींत खाली सरकवावा लागतो आणि संकटात बोट जुन्याच दिशेला जाते. नव्या पिस्तुलाचा खटका रिकाम्या शस्त्रावर काही शे वेळा सरकवल्याशिवाय ते कमरेला लावू नये.

दुसरी गोष्ट आपल्याला सांगण्याची गरज नसावी, पण सांगतो. एका परवानाधारकाच्या ओसरीवर मी चहा घेत बसलो होतो. त्यांनी मॅगझीन काढून माझ्यापुढे ठेवले, 'रिकामे आहे' असे म्हणत पिस्तूल भिंतीकडे रोखले आणि चाप ओढला. भिंतीला टेकून ठेवलेल्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीला आरपार भोक पडले आणि ज्वारीची बारीक धार जमिनीवर सुरू झाली. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. मॅगझीन काढले तरी नळीतील काडतूस तिथेच राहते. आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड मागे ओढावी आणि शेवटी नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसते त्या घरात, करंगळी घालून चाचपावे. हा क्रम उलटा झाला, तर स्लाइड मॅगझीनमधून नवे काडतूस आत घेते. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात आणि घरगुती वापरासाठी मी त्याच्याकडे झुकतो, त्याचे निम्मे कारण हेच आहे.

प्रश्न : मी डॉक्टर असून माझा दवाखाना कराडच्या वेशीबाहेर आहे. रात्री-अपरात्री एकटीने परतावे लागते. माझ्या मनगटात फारशी ताकद नाही. महिलांसाठी म्हणून मिळणारे हलके रिव्हॉल्व्हर योग्य ठरेल काय? (एक वैद्यकीय व्यावसायिक, कराड)

उत्तर : आपला रोख 2014 साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणलेल्या 'निर्भीक'कडे असावा. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे ते बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर साधारण 500 ग्रॅम वजनाचे आहे आणि त्या वेळी ते दागिन्यासारख्या पेटीत घालून विकले गेले. पेटीचे सोडा, वजनाचा विचार करू. हलके शस्त्र वागवायला सोपे आणि झाडायला अवघड असते, कारण तोच धक्का कमी वजनाच्या शस्त्राला हातात अधिक उसळवतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा चापाचा आहे. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा झाल्यास रिव्हॉल्व्हरला साधारण 5 किलोच्या आसपास ओढ लागते. म्हणजे अर्धा किलोच्या वस्तूवर एक बोट तिच्या दहापट जोर लावते आणि त्या ओढीत नळीचे तोंड खाली किंवा बाजूला जाते. यावर घरच्या घरी करण्यासारखा सराव आहे. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, भक्कम भिंतीकडे तोंड करून नळीवर माशीच्या (नळीच्या टोकावरील, नेम धरण्याच्या उंचवट्याच्या) मागे एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि नाणे न पाडता चाप ओढावा. पहिल्या दिवशी नाणे प्रत्येक वेळी पडेल. महिनाभरात दहापैकी सात-आठ वेळा ते टिकले, तर हे शस्त्र आपले आहे असे समजावे. चित्रपटात पाहिल्याप्रमाणे अंगठ्याने घोडा चढवून चाप हलका करण्याची युक्ती मात्र वापरू नये. थरथरत्या हातात चढवलेला घोडा केव्हा सुटेल ते सांगता येत नाही आणि तो न झाडता हळूच उतरवणे त्याहून कठीण असते.

पिस्तुलाबाबत आपली अडचण चापाची नसून स्लाइडची राहील. बत्तीस बोअरच्या अनेक पिस्तुलांत स्लाइड केवळ स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर बंद राहते, म्हणून ती स्प्रिंग कडक असते. स्लाइड मागे ओढण्याऐवजी ती घट्ट धरून ठेवून मूठ पुढे ढकलल्यास काम सोपे होते. विकत घेण्यापूर्वी ही हालचाल सलग दहा वेळा करून पाहावी. जे शस्त्र दहाव्या वेळीही पूर्ण उघडेल ते चालेल, आणि दोन्ही जमत नसतील तर मी आपल्याला शस्त्र घेऊ नका असेच सांगेन. पर्समध्ये तर कोणतेही शस्त्र ठेवू नये, कारण पर्स हीच हिसकावली जाणारी पहिली वस्तू असते.

प्रश्न : वडिलांचे रिव्हॉल्व्हर ऑगस्ट 2019 च्या महापुरात तळमजल्यावरील कपाटात चार दिवस पाण्याखाली होते. नंतर आम्ही ते पुसून तेल लावून ठेवले. गेल्या वर्षी वडील वारले. काडतुसेही उन्हात वाळवून ठेवली आहेत. हे शस्त्र मी वापरू शकतो काय? (एक वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर : आज या शस्त्राचा परवानाधारक हयात नाही, त्यामुळे ते घरात ठेवणे हाच आपल्यापुढील पहिला प्रश्न आहे. पोलीस ठाण्यास लेखी कळवून, ते सांगतील त्या पद्धतीने शस्त्र तेथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि त्यानंतर वारस या नात्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा.

परवाना मिळाल्यावरही ते लगेच वापरू नये. कृष्णेच्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो चक्राच्या आसात, चांदणीखाली आणि बाजूच्या झाकणाआड घोड्याच्या स्प्रिंगपर्यंत पोहोचतो आणि वरून लावलेले तेल त्याला आतल्या आत धरून ठेवते. परवानाधारक कारागिराकडून शस्त्र पूर्ण खोलून घ्यावे आणि चक्राचे प्रत्येक घर नळीशी नेमके जुळते की नाही, हे तपासून घ्यावे. ते जुळत नसेल तर गोळीचा कपचा बाजूने उडतो.

काडतुसांबाबत तडजोड नाही. पाण्यात राहिलेले काडतूस वाळले तरी भरवशाचे नसते. ते न उडाल्यास ठीक, पण दारू अर्धवट पेटून गोळी नळीतच अडकली आणि पुढचा बार झाला, तर नळी फाटते. ही काडतुसे आणि ज्यांचे पितळ कळकून हिरवे झाले आहे अशी इतरही काडतुसे शस्त्रासोबतच जमा करावीत; ती पुरू नयेत, जाळू नयेत आणि पुन्हा उन्हात तर मुळीच ठेवू नयेत.

प्रश्न : आमची वस्ती शिराळा तालुक्यात उसाच्या रानात आहे. बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी पाजायला जाणे अवघड झाले आहे. पिस्तूल उपयोगी पडेल काय? (एक शेतकरी)

उत्तर : नाही. अंधारात, धावत्या जनावरावर बत्तीस बोअरच्या गोळीचा नेम लागणे कठीण आणि लागला तरी जखमी बिबट्या अधिक घातक होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. जिवावर बेतल्यास सद्भावनेने केलेल्या बचावाला कायदा मान्यता देतो, पण त्याची चौकशी होतेच. प्रखर विजेरी, जोडीदार, हाती घुंगरांची काठी आणि वनखात्याला वेळेवर दिलेली वर्दी यांवर भर द्यावा.

प्रश्न : आम्ही दोघे वृद्ध असून सुट्टीत नातवंडे येतात. शस्त्र भरलेले ठेवावे की रिकामे? आणि चोर घरात शिरल्यास गोळी झाडण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर कलम 38 नुसार हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत हा हक्क पोहोचतो. जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी यांविषयी कलम 41 आहे. परंतु या सर्वांवर कलम 37 ची मर्यादा आहे : बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पाठ फिरवून परसदारी पळालेल्या चोरावर झाडलेल्या गोळीचे समर्थन न्यायालयात करणे फार कठीण जाते. धाक दाखवण्यासाठी हवेत बार काढणेही टाळावे, कारण वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. वरातीत बार काढणाऱ्यांसाठी तर 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूदच केली आहे.

आता ठेवण्याविषयी. आपल्यासाठी माझी निवड रिव्हॉल्व्हरची राहील. नातवंडे घरी असताना ते रिकामे, कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. एरवी ते झोपण्याच्या खोलीत, भिंतीला बोल्टने आवळलेल्या लोखंडी पेटीत ठेवावे आणि किल्ली अंगावर असावी. उशीखाली, गादीखाली किंवा देवघराच्या खणात शस्त्र ठेवू नये. चामड्याच्या म्यानात घालून तर ते मुळीच साठवू नये. साताऱ्याच्या पावसाळ्यात चामडे दमट राहते आणि दोन आठवड्यांत पोलादावर गंजाचे ठिपके उमटतात. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर काही आठवडे ती पेटी रिकामीच असेल, म्हणून दाराचे अडसर आणि खिडक्यांचे गज यांची डागडुजी शस्त्रखरेदीच्या आधी करावी.

रात्री खुडबूड ऐकू आल्यास दोघांनी एकाच खोलीत जाऊन आतून कडी लावावी, 112 वर दूरध्वनी करावा आणि मोठ्याने ओरडून पोलिसांना बोलावल्याचे सांगावे. शस्त्र घेऊन अंधाऱ्या माजघरात शोध घेत फिरू नये. पाणी प्यायला उठलेला घरचाच माणूस समोर येण्याची शक्यता आपण समजता त्याहून अधिक असते. महिन्यातून एकदा दिवा मालवून, काडतुसे बाजूला ठेवून, पेटी उघडून रिकामे शस्त्र हाती घेण्याचा सराव करावा आणि सहचारिणीला घड्याळ लावायला सांगावे. दहा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पेटीची जागा बदलावी.