दुकानदार तुम्हाला परत पाठवू शकतो का?

तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघंही पुरुष, सप्टेंबरात ब्रिटनला येताय. 'माझ्या धर्मात बसत नाही' असं म्हणून हॉटेलवाल्याने दारातून परत पाठवलं तर काय, हा तुमचा प्रश्न. शिवाय दुकान त्याचं आहे तर तेवढा हक्क त्याला नको का, असंही तुम्ही विचारलंय.

परत पाठवता येत नाही. २०१०चा समानता कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये वंश, धर्म, लैंगिक कल अशा कारणांवरून गिऱ्हाईक नाकारू देत नाही. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे, पण तिथेही लैंगिक कलाला संरक्षण आहे.

कॉर्नवॉलमधल्या एका छोट्या हॉटेलचा खटला जरूर वाचा. ख्रिस्ती मालकांचा नियम होता की डबल बेडची खोली फक्त विवाहितांना. २००८ मध्ये त्यांनी दोन पुरुषांना ती नाकारली. नियम सगळ्यांना सारखाच, असं त्यांचं म्हणणं. पण तेव्हा दोन पुरुषांना लग्नच करता येत नव्हतं, म्हणजे त्यांनी काहीही केलं तरी ती खोली मिळणार नव्हती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालक हरले.

याच्या उलट निकाल बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीचा. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा केकवर लिहायला बेकरीने नकार दिला. खालच्या न्यायालयांनी तिला दोषी धरलं, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. ती घोषणा दुसऱ्या कोणी मागितली असती तरी त्यांनी लिहिली नसती. आक्षेप मजकुराला होता, माणसाला नव्हता.

मला हे दोन्ही निकाल पटतात. न पटणारं वाक्य स्वतःच्या हाताने लिहायची सक्ती कुणावरही नको. उद्या मलाही ती नको असेल. पण खोली, जेवण, केशकर्तन यांत कसली घोषणा आलीय? धंदा सगळ्यांसाठी उघडायचा आणि उंबऱ्यावर माणसं निवडायची, हे मला मान्य नाही. गोऱ्या नसलेल्यांना या देशात असंच दारातून परत पाठवत. १९६५च्या कायद्याने हॉटेलं, उपाहारगृहं, थिएटरं यांत ते बंद झालं. घरभाड्याला मात्र १९६८ उजाडावं लागलं.

घरभाड्याची एक पळवाट आजही आहे आणि तुम्हाला ती आधीच माहीत हवी. लहान घरात मालक स्वतः राहत असेल, स्वयंपाकघर किंवा बाथरूम सामाईक असेल, तर लैंगिक कलावरून तो नाकारू शकतो. त्यामुळे सुरुवातीला अशा एखाद्या खोलीऐवजी स्वतंत्र फ्लॅट बघा, थोडा महाग पडला तरी.

वंशाला मात्र ही सूट नाही. पहिल्या वर्षी एका घरमालकाने फोनवर 'या, खोली रिकामी आहे' म्हटलं आणि मला दारात पाहताच ती दिली गेल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात जाहिरात तशीच होती. मी गप्प बसलो. दाव्याची मुदत सहा महिन्यांची असते हे कळलं तेव्हा ती उलटून गेली होती, आणि त्याची मला अजूनही चीड येते.

म्हणून तसं काही झालंच तर त्याच रात्री तारीख, वेळ, बोललेले शब्द लिहून ठेवा, जाहिरातीचा फोटो काढा आणि समानता सल्ला सेवेच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथला सल्ला मोफत असतो.