दिवाळीची सुट्टी : लेणी, समुद्र आणि जंगल यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीत आम्हाला सलग आठ दिवस सुट्टी मिळत आहे. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा आणि सोबत सासूबाई आहेत. वेरूळ-अजिंठा, ताडोबा आणि तारकर्ली असा बेत पुण्याहून मोटारीने आखला आहे. क्रम कसा लावावा?
(पुणे)

उत्तर : क्रम लावण्याआधी नकाशा उघडावा, अशी विनंती आहे. छत्रपती संभाजीनगरहून चंद्रपूर पाचशेहून अधिक किलोमीटरवर आहे आणि चंद्रपूरहून तारकर्ली म्हणजे राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे आहे. आठ दिवसांपैकी निम्मे दिवस मोटारीत जातील आणि मुलांच्या आठवणीत रस्त्यावरचे ढाबे तेवढे राहतील. त्यातून ताडोब्याची सफारी सुट्टीच्या दिवसांत बरीच आधी आरक्षित करावी लागते आणि गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. ताडोबा आणि तारकर्ली दोन्ही यंदा सोडावीत. अजिंठा-वेरूळला चार दिवस द्यावेत, उरलेले घरी फराळाला ठेवावेत.

या चार दिवसांत वार फार महत्त्वाचे आहेत. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी मुक्कामी पोहोचून सोमवारी सकाळी अजिंठ्याला निघालेली कुटुंबे बंद दारापाशी फोटो काढून परतताना मी पाहिली आहेत. संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आणि वेरूळ तीसेक किलोमीटर आहे, म्हणून अजिंठ्याला पूर्ण दिवस राखून पहाटे निघावे. स्वतःची मोटार फर्दापूर फाट्यावर ठेवावी लागते. तेथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जायचे असतात. पुढे पायऱ्या आहेत. सासूबाईंना त्या जड जाणार असतील तर डोली मिळते. ती घेण्यात संकोच करू नये.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची सुमारे तीस लेणी आहेत. ती सगळी पाहण्याचा हट्ट धरला की पंधराव्या लेण्यापाशी मुलांचे पाय आणि आपला आवाज दोन्ही थकतात. पहिले, दहावे, सोळावे, सतरावे आणि सव्विसावे एवढी पाच नीट पाहिली तरी पुष्कळ झाले. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच ‘काही दिसत नाही’ म्हणून बाहेर पडणारे लोक पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोरून ते न पाहताच जातात. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती रंगांच्या हितासाठी आहे, हे मुलांना आधीच सांगावे.

नऊ वर्षांच्या मुलासाठी एक तयारी घरीच करावी. षड्दंत जातकाची, म्हणजे सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट त्याला दोन रात्री आधी सांगावी. पूर्वजन्मीचा राग मनात धरून राणी शिकाऱ्याला सुळे आणायला पाठवते, हत्ती ते स्वतःहून देतो आणि सुळे समोर आल्यावर राणीलाच ते सोसवत नाही, एवढी गोष्ट पुरे. मग सतराव्या लेण्यात तो हत्ती शोधण्याचे काम मुलावर सोपवावे. मुलीसाठी दहावे लेणे आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ तेथे पोहोचला आणि त्याने आपले नाव व तारीख तेथे कोरून ठेवली. ती अक्षरे आज माणसाच्या उंचीच्या बरीच वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात मातीदगडांचा थर साचला होता आणि तो त्यावर उभा होता. उंचीचे कारण मुलीलाच विचारून पाहावे.

वेरूळच्या चौतीस लेण्यांत पहिली बारा बौद्ध, पुढची एकोणतिसाव्यापर्यंतची हिंदू आणि शेवटची पाच जैन आहेत. बहुतेक जण थेट सोळाव्या लेण्याकडे, म्हणजे कैलास मंदिराकडे धावतात. आपण दहाव्यापासून सुरुवात करावी. त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण त्या दगडात कोरलेल्या आहेत. लाकडी बांधकामाची सवय दगडातही सुटली नाही, हे मुलांना चटकन उमजते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेला आहे. त्याची एक दंतकथाही आहे : मंदिराचा कळस पाहीपर्यंत उपास करण्याचा पण राणीने केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कळसापासूनच काम सुरू केले. इतिहास म्हणून ती खरी धरू नये, पण कामाची दिशा मुलांच्या लक्षात राहण्यासाठी तिच्याइतके सोपे साधन मला ठाऊक नाही.

प्रश्न : भाऊबीजेनंतर तीन दिवस अलिबाग-मुरूडला जाण्याचा विचार आहे. भरती-ओहोटीच्या वेळा आधी कशा समजतील? मुलांना समुद्राखेरीज आणखी काय दाखवता येईल?
(ठाणे)

उत्तर : भिंतीवरचे कालनिर्णय पुरेसे आहे. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अमावास्या आणि भाऊबीजेला शुद्ध द्वितीया असते, त्यामुळे भाऊबीजेनंतर निघणाऱ्यांना दरवर्षी साधारण सारख्याच वेळा मिळतात. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी सव्वाआठ-नऊच्या आसपास पडते. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. म्हणून किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारूनच पाऊल टाकावे.

ही सकाळची ओहोटी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी उपयोगाची आहे, कारण पाणी उतरले की तेथे चालत जाता येते. मात्र पाणी पूर्ण उतरण्याआधीच निघावे आणि ते वळताच परतावे. किल्ल्यावर गप्पा मारत बसलेल्यांना मग होडी शोधावी लागते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. त्या दिवसांत चालत जाण्याचा भरवसा धरू नये. समुद्रात खेळण्याचा नियम याच्या उलट आहे. पाणी चढते असताना, गुडघाभर पाण्यात, मोठ्या माणसाने मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहून खेळू द्यावे. ओहोटीचे पाणी आत ओढते, आणि तलावात शिकलेले पोहणे तेथे फारसे कामाला येत नाही.

मुरूडला राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहणे होईलच. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून दोन कमी परिचित ठिकाणे सुचवतो. पहिले फणसाड अभयारण्य. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. येथे आपला राज्यप्राणी शेकरू दिसण्याची चांगली शक्यता असते, पण ती सकाळी लवकर आणि मुलांनी तोंड मिटून चालल्यास. पाणवठ्यांना येथे ‘गाण’ म्हणतात. गारंबीचे दोरखंडासारखे वेल आणि त्यांच्या हातभर लांब शेंगा पाहून मुले वाघाची चौकशी करायचे विसरतात.

दुसरे ठिकाण म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या अंगाला, मांदाडजवळची कुडे लेणी. चित्रे नाहीत, गर्दी नाही, उपाहारगृहही नाही, त्यामुळे पाणी बरोबर न्यावे. मात्र तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची जी नावे आहेत त्यांत राजघराण्याबरोबर वैद्याच्या घरचा माणूस, माळी आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कऱ्हाडचा व्यापारी घाट उतरून या खाडीशी का आला असेल, हा प्रश्न मुलांपुढे टाकावा. बंदर आणि व्यापारी वाट हे शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर येतात ते अशा ठिकाणी.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात इंदूरहून येणार आहोत. वेळासला कासवाची पिल्ले दिसतील का?
(इंदूर)

उत्तर : बहुधा नाही. ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात सोडण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, म्हणजे नेमका परीक्षांचा. हंगामातही अंडी कोणत्या दिवशी फुटतील हे आपल्या हाती नसते. यंदा हरिहरेश्वर करावे, पण तेथील खडकांवरचा प्रदक्षिणा मार्ग भरतीच्या वेळी मुळीच चालू नये.

प्रश्न : आमच्याकडे एकच दिवस आहे आणि मुंबई सोडणे शक्य नाही. घारापुरी बरे की कान्हेरी?
(मुंबई)

उत्तर : सोमवार सोडून जाणार असाल (त्या दिवशी दोन्ही बंद असतात), तर माझे मत कान्हेरीला आहे. घारापुरीची त्रिमुखी शिवमूर्ती अद्वितीय आहे. पण होडीची रांग, गेटवेपासूनचा तासाभराचा प्रवास आणि पायऱ्यांवरची दुकाने यांतच लहान मुलांचा उत्साह संपतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लेणी आणि जंगल एकाच तिकिटात नसले तरी एकाच वाटेवर आहेत. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याचा चैत्य (प्रार्थनागृह) आणि त्याच्या ओवरीतील दोन उंच बुद्धमूर्ती पाहून झाल्यावर मुलांना पाणी शोधायला लावावे. लेण्यांपाशी कातळात खोदलेली टाकी आहेत, जुन्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि डोंगरउतारावरचे पाणी त्यांत उतरवणाऱ्या पन्हळी आजही बोटाने माग काढत वरपर्यंत पाहता येतात. पावसाळा संपल्यावर दिवाळीपर्यंत बहुतेक टाक्यांत पाणी असते. जेवणाचा डबा मात्र लेण्यांपाशी उघडू नये, तेथील माकडांना पोळीभाजीचा वास आपल्याआधी लागतो.