आधी अरुंद बंब, मग उंच शिडी

प्रश्न : ठाण्याच्या अग्निशमन दलासाठी गाड्या घ्यायला अमर्याद पैसा मिळाला, तर काय काय घ्याल? – एक वाचक, कोपरी

उत्तर : सगळे शिडीचंच नाव घेतील. मी बंबावर चालक होतो, त्यामुळे मला आधी जांभळी नाका दिसतो. दिवाळीच्या खरेदीत तिथं मोठा बंब वळवून दाखवा! म्हणून पहिल्यांदा अरुंद बांध्याच्या गाड्या : पाणी थोडं, पण पंप उच्च दाबाचा. बारीक तुषारांची वाफ झटकन होते आणि कमी पाण्यात जास्त उष्णता ओढली जाते. मागं, रुंद रस्त्यावर, मोठा टँकर.

घोडबंदर रोडच्या टॉवरांसाठी 90 मीटरची शिडी घेईन, जरूर. पण तिला आधाराचे पाय पसरायला जागा आणि पक्की जमीन लागते. सोसायटीत दुतर्फा मोटारी लावल्या असतील, तर कोट्यवधींची शिडी गेटबाहेरच. तिथं खरी भिस्त इमारतीच्या स्वतःच्या पंपावर आणि रायझरवर, म्हणजे मजल्या-मजल्यावर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपवर.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांना फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारा बंब, हवाच; पेटलेल्या तेलावर नुसतं पाणी मारलं तर तेल तरंगत पसरतं. येऊरच्या वणव्याला हलकी फोर-व्हील ड्राइव्ह. आणि हो, प्रत्येक प्रकारची एक गाडी राखीव. बंब वर्कशॉपला गेला की केंद्र उघडं पडतं.