पर्यवेक्षक, समवेक्षक आणि आपला जागल्या

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. दहावी-बारावीला तुम्ही सात-आठ वर्षं 'सुपरवायझर' म्हणून ड्यूटी केली, मंडळाच्या कागदांवर स्वतःला 'पर्यवेक्षक' म्हणवून घेतलं, आणि आता लातूरला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा आदेश हातात पडला तर त्यात 'समवेक्षक' लिहिलंय. हे पद वेगळं आहे का, या शब्दांचा मूळ अर्थ काय, आणि इंग्रजीतला 'इन्व्हिजिलेटर' कुठून आला? परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत एकतीस वर्षं शिकवताना मीही या शब्दांच्या मागे बराच फिरलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या आदेशाचं. आयोगाच्या उपकेंद्रावर पर्यवेक्षक आणि समवेक्षक ही दोन वेगळी माणसं असतात. समवेक्षक वर्गात उमेदवारांसमोर असतो, आणि अशा काही वर्गांवर मिळून एक पर्यवेक्षक लक्ष ठेवतो. म्हणजे मंडळाच्या परीक्षेत ब्लॉकवर, म्हणजे परीक्षेच्या वर्गात, उभं राहून तुम्ही जे काम करता, तेच आयोगाकडे समवेक्षकाचं आहे. तुमचा दर्जा कमी झालेला नाही, नाव तेवढं बदललंय. घोटाळा होतो तो आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेमुळे. तिच्यावर एका ठिकाणी पर्यवेक्षकांच्या सूचनेविना सील उघडू नये असं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी सदोष पुस्तिका समवेक्षकांकडून बदलून घ्यावी असं. उमेदवाराला समोर माणूस एकच दिसतो, मग तो दोन्ही नावं त्यालाच चिकटवतो.

विद्यापीठात आणखी तिसरी तऱ्हा. तिथे वरिष्ठ पर्यवेक्षक आणि कनिष्ठ पर्यवेक्षक अशी जोडी असते, आणि कॉलेजात कनिष्ठाला सगळे 'जेएस' (ज्युनियर सुपरवायझर) एवढंच म्हणतात. शाळेत तर मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक यांच्या खालोखाल पर्यवेक्षक हे कायमचं पद आहे. जनगणनेतही प्रगणकांच्या वर पर्यवेक्षक असतो. तेव्हा 'पर्यवेक्षक' हा शब्द परीक्षेच्या मालकीचा नाही, तो तिथे तीन तासांपुरता येतो.

आता फोड. पर्यवेक्षक म्हणजे परि, अव आणि ईक्षक. ईक्ष् हा संस्कृत धातू, अर्थ पाहणे. परि म्हणजे सभोवार, अव म्हणजे खाली. परि आणि अव एकत्र आले की 'पर्यव' होतं, जसं परि आणि अवसान मिळून पर्यवसान. म्हणून 'पर्यावेक्षक' किंवा 'परिवेक्षक' लिहू नये. आमच्याकडे हॉलबाहेर चिकटवलेल्या कागदांवर मी दोन्ही वाचलेत. 'परिवीक्षा' हा निराळा शब्द आहे. नोकरीतला परिवीक्षाधीन काळ म्हणतो तो, त्यात 'अव'च्या जागी 'वि' आहे. समवेक्षकात परिच्या जागी सम् आहे, म्हणजे नीट, पुरतेपणी. बाकी सगळं तेच.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की 'परीक्षा' हा शब्दही याच घरातला आहे. परि आणि ईक्षा, सगळ्या बाजूंनी पाहणं. परीक्षक, निरीक्षक, अधीक्षक, समीक्षक, एवढंच काय, तमाशाच्या फडासमोर बसलेला प्रेक्षकसुद्धा ईक्ष्चाच. अपेक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षा या तिघीही बहिणीच. पाहण्याचं काम एकच आहे, पुढचा उपसर्ग बदलला की नातं बदलतं. मी नववीच्या वर्गात हे फळ्यावर मांडायचो, तेव्हा व्याकरणाला कंटाळलेली पोरंसुद्धा पुढे सरकून बसायची.

त्या 'अव'पाशी मात्र थांबायला हवं. बहुतेक जण त्याचा अर्थ वरून खाली पाहणं एवढाच घेतात आणि मग पर्यवेक्षक म्हणजे डोक्यावर उभा राहून चोरी पकडणारा, असं चित्र तयार होतं. संस्कृतात 'अवेक्षा' या शब्दाला काळजी, लक्ष देणं असाही अर्थ आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ३१ व्या श्लोकात 'स्वधर्ममपि चावेक्ष्य' आहे, तिथे अवेक्ष्य म्हणजे ध्यानात घेऊन, मनात बाळगून. कुणी वरून टेहळणी करतंय असा अर्थ तिथे लागतच नाही.

हे मला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच उमजायला हवं होतं. एका खेड्यातल्या केंद्रावर गणिताच्या पेपरला एक मुलगा बेंचवर डोकं टेकून पडला होता. कॉपीचा प्रकार समजून मी त्याच्याच बाजूला दोन-तीन वेळा जाऊन उभा राहिलो. शेवटी केंद्रावरच्या म्हाताऱ्या शिपायाने विचारलं, "गुरुजी, त्यानं सकाळधरनं काही खाल्लंय का इचारलंत का?" पोरगं तीन कोस चालत आलं होतं, उपाशी. शिपायाने गूळ-पाणी आणून दिलं, पाच मिनिटांत ते लिहायला लागलं. मी पाहत होतो, पण अवेक्षा त्या शिपायाची होती. ही गोष्ट सांगताना आजही मन खजील होतं.

आता इंग्रजीकडे. आपण बोलताना म्हणतो तो 'सुपरवायझर' लॅटिनच्या 'सुपर' म्हणजे वर आणि 'विदेरे' म्हणजे पाहणे यांतून आलाय. पर्यवेक्षक हा त्याचाच मराठी जोडीदार, दोन्हींत डोळा आहे. 'इन्व्हिजिलेटर'मध्ये डोळा नाही, जाग आहे. लॅटिनमध्ये 'विजिल' म्हणजे जागा असलेला, 'विजिलारे' म्हणजे जागत राहणं, पहारा देणं. आपल्याकडचा 'व्हिजिलन्स' म्हणजे दक्षता विभाग तिथलाच. इंग्रजीत 'इन्व्हिजिलेट' हे क्रियापद सोळाव्या शतकात आलं, तेव्हा त्याचा परीक्षेशी संबंध नव्हता. लेखी परीक्षा वाढल्या तसा एकोणिसाव्या शतकात तो जडला. अमेरिकेत याच माणसाला 'प्रॉक्टर' म्हणतात. तो दुसऱ्याचा कारभार पाहणारा या अर्थाच्या 'प्रोक्युरेटर'चा आखूड झालेला अवतार आहे.

रोमन लोक रात्रीचे चार पहारे धरत आणि प्रत्येकाला 'विजिलिया' म्हणत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच, आणि पहारा, पहारेकरी हे शब्द प्रहरातूनच निघाले. प्रहर तीन तासांचा. मंडळाचा मोठा पेपरही तीन तासांचा. म्हणजे पेपरला उभा राहणारा माणूस शब्दशः एक प्रहर पहारा देत असतो.

आणि जागत राहणाऱ्यासाठी आपल्या मुलखात शब्द शोधायची गरजच नाही. फेब्रुवारी-मार्चात आत पेपर चालू असतो तेव्हा बाहेर रानात ज्वारी उभी असते किंवा काढणीला आलेली असते, आणि घरातलं कुणीतरी जागलीला गेलेलं असतं. पाखरांना दिवसा गोफण, रानडुकरांना रात्री जागल. गावगाड्यात तर 'जागल्या' हे कामाचंच नाव होतं, रात्री गावाची राखण करणारा. इन्व्हिजिलेटर या शब्दाच्या पोटात जे आहे ते जागल्यात जसंच्या तसं आहे. तरी कागदोपत्री जागल्या वापरा असं मी म्हणणार नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसासाठी वर्तमानपत्रांनी तो आता घेतलाय आणि तिथे तो चांगला रुळलाय. पण नव्या शिक्षकांना काम समजावून सांगताना मी हाच शब्द सांगतो. जागलीला गेलेला माणूस पिकाच्या बाजूचा असतो, हे त्यांना लगेच पटतं.

मराठवाड्यात या शब्दांना आणखी एक थर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, शिक्षणाचा कारभार उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. माझे वडील त्या काळात शिकले. त्यांच्या तोंडी शिक्षक म्हणजे 'मुदर्रिस', परीक्षा म्हणजे 'इम्तिहान', प्रश्नपत्रिका म्हणजे 'परचा', तपासणारा 'मुमतहिन' आणि वर्गात देखरेख करणारा 'निगरान'. इम्तिहान, मुमतहिन आणि आपली रोजची 'मेहनत' हे तिन्ही अरबीतल्या एकाच मुळाचे, कस लागणं हा त्यातला भाव. निगरान फारसी, पाहणारा. त्यातलीच 'निगराणी' आपण आजही वापरतो. फारसी 'निगाह' म्हणजे नजर, तिची मराठीत 'निगा' झाली आणि अर्थ झाला काळजी. रोपाची निगा राखतात, तान्ह्या लेकराची निगा राखतात. नजरेतून काळजी निघते हे संस्कृतातल्या अवेक्षेत दिसतं, तेच या फारसी शब्दाला मराठीत आल्यावर झालं.

मग हे शब्द गेले कुठे? १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि राज्यकारभाराच्या मराठीसाठी भाषा संचालनालय आलं. पदांना संस्कृत घडणीची नावं मिळाली, ती शासकीय कागदातून शाळेत पोचली. बोलण्यात सुपरवायझर राहिला, निगरान आमच्या वडिलांच्या पिढीबरोबर गेला. मला याचं वाईट वाटतं. पर्यवेक्षक उत्तम शब्द आहे, पण तो आला म्हणून निगरान विसरायलाच हवा होता असं नाही.

'पर्यवेक्षक'वर पोलिसी छाया पडली ती कॉपीच्या प्रकरणांमुळे. १९८२ मध्ये परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा राज्याचा कायदा झाला, नंतर भरारी पथकं आली, बैठी पथकं आली. २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली, तिची राज्यभर चर्चा झाली. ते काम गरजेचंच होतं, मी त्यात होतो. पण पकडायला पथक आहे. ब्लॉकमधल्या पंचवीस पोरांचा बैठक क्रमांक बरोबर पडला का, पुरवणी वेळेत मिळाली का, घंटेचा आवाज मागच्या बेंचापर्यंत गेला का, हे पर्यवेक्षकाशिवाय कुणी पाहत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, बाईसाठी काय लिहायचं. 'पर्यवेक्षिका' आणि 'समवेक्षिका' व्याकरणाने बरोबर आहेत आणि पर्यवेक्षिका तर रूढ आहे. पण पदाचं नाव म्हणून 'पर्यवेक्षक' बाईलाही चालतं. सेवापुस्तकात किंवा अनुभवाच्या दाखल्यात मात्र आदेशात छापलेलाच शब्द उतरवा. आयोगाच्या ड्यूटीला समवेक्षक, मंडळाच्या ड्यूटीला पर्यवेक्षक. एकाच्या जागी दुसरा लिहिला की लिपिक तो कागद परत पाठवतो, आणि मार्च महिन्यात तेवढ्यासाठी पुन्हा लातूरला खेप घालणं परवडत नाही.